पेटीने धूप घेतला

मागच्या आठवड्यात आमच्या कारखान्यात हायड्रोजनवर चालणारे छोटे वीजसंच नव्या बांधणीचे आले. प्रवासाच्या बॅगेएवढी पेटी. एका बाजूला हायड्रोजनची नळकांडी जोडायची, दुसऱ्या बाजूने पंखा बाहेरची हवा ओढून घेतो आणि मधल्या पातळ पडद्यांवर दोघांची गाठ पडून वीज तयार होते. ज्योत नाही, धूर नाही, आवाज म्हणाल तर पंख्याचा. मागे उरतं ते फक्त पाणी. माझं काम तपासणीचं. एक पेटी उघडली तर हवेच्या तोंडाशी बसवलेलं गाळणं हातात आलं. तळहाताएवढी चौकट आणि तिच्यात कोळशाची काळी भुकटी. मी ते हातात धरून उभी राहिले असणार, कारण शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, फॉल्टी आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "चांगलं आहे."

एवढंसं गाळणं. भिकन सरांच्या पेटीला हे असतं तर, असं मनात आलं आणि त्या दिवशी पुढचं काम काही धड झालं नाही.

भिकन सर आता नाहीत. गेल्या थंडीत गेले. मी पुण्यात होते. निरोप मिळाला आणि पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या श्रावणात, कानबाईच्या दिवशी. ते सांगायचं तर बरंच मागून यावं लागेल.

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात पाटील आडनावाची माणसं इतकी की 'पाटील सर' अशी हाक मारली तर अर्धी स्टाफरूम वळून बघायची. म्हणून सगळ्यांना नावानेच हाक असायची. हे रसायनशास्त्राचे भिकन सर. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव भिकन ठेवायचं, देवाकडून भीक मागून आणलेला, ही आमच्याकडची जुनी रीत. बाहेरगावाहून नवीन आलेला एखादा प्राध्यापक ते नाव घ्यायला ओशाळायचा आणि "मी तुम्हाला बी. डी. सर म्हणू का?" असं हळूच विचारायचा. सर म्हणायचे, "भिकनच म्हणा. मागून आणलेल्या वस्तूचं नाव परस्पर बदलू नये, देणाऱ्याला ओळख पटत नाही."

उंच, सडपातळ माणूस. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खांद्यावर कायम एक ओला पंचा. तो कशासाठी, ते पुढे येईलच. आणि नाक. सर नाकाने काम करायचे. वर्गात आल्यावर आधी हवा हुंगायचे आणि "कोणीतरी डब्यात लसणाची चटणी आणली आहे, सुटीत मला भेटा," असं सांगून मग फळ्याकडे वळायचे. बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली असली तर झाकण किंचित उघडून हाताने वास नाकाकडे ओढून घ्यायचे आणि नाव सांगायचे. आम्हालाही तसंच शिकवलं. "डोळ्याला फसवता येतं, नाकाला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुसरं ठरलेलं वाक्य होतं 'आलं नाही'. त्यावरून मुलं त्यांच्या मागे त्यांना 'आलंनाही सर' म्हणायची.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील अमळनेरला तेलाच्या कारखान्यात हमाल होते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकात माझं उत्तर काही केल्या बसेना. बाकीच्या मुलांना बरोबर आकडा काय येतो ते मागच्या वर्षीच्या मुलांकडून ठाऊक होतं, त्यांची वाचनं शहाण्यासारखी त्या आकड्याजवळ येऊन थांबत होती. माझी थांबत नव्हती. मी रडकुंडीला आले. सर टेबलाशी आले, माझा चंबू हुंगला.

"काय झालं?"

"सर, उत्तर येत नाहीये."

"मग तसं लिही."

"काय लिहू?"

"आलं नाही. दोन शब्द आहेत. शाई फार लागत नाही."

मी घाबरत तसं लिहिलं आणि सरांनी मला बरोबर आकडा लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त गुण दिले. विभागप्रमुख वाणी सर तिथेच होते. ते वैतागून म्हणाले, "अहो भिकनराव, बाहेरचा परीक्षक आला की 'आलं नाही'ला शून्य देतो. पोरांचं नुकसान कशाला करता?"

"देऊ द्या. शून्य असलं तरी खरं असलं पाहिजे."

"शून्याला काय खरं आणि काय खोटं!"

"तेच तर शिकवतोय," सर म्हणाले.

पुढे मी एम.एस्सी. केलं आणि त्याच विभागात तासिकेवर शिकवायला लागले, तेव्हा सरांची पेटी उभी राहत होती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांचा जुना मित्र होता. निवृत्त होताना त्याने सरांना आपल्याकडचा फ्युएल सेलचा एक छोटा संच दिला होता. एकावर एक रचलेल्या पट्ट्या, मध्ये ते पातळ पडदे, पडद्यांवर प्लॅटिनमचा नुसता हात फिरवल्यासारखा थर. तसा दुसरा संच सरांना मिळण्यासारखा नव्हता. हायड्रोजन साठवायला धातूची भुकटी भरलेली नळकांडी होती. "रव्यात तूप मुरतं तसा या भुकटीत हायड्रोजन मुरतो," असं सर समजावून सांगायचे. हे सगळं त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत बसवलं. ही पेटी म्हणजे ते कॉलेजला धुळ्यात आले तेव्हा कपडे भरून आणलेली, त्यांच्या मोठ्या मायने दिलेली. झाकणावर कमळ रंगवलेलं होतं. पंख्याला भोक पाडताना सरांनी ते कमळ वाचवलं.

मोठी माय म्हणजे सरांची चुलती. सरांची आई बाळंतपणातच गेली, यांना जन्म देताना. वाढवलं ते मोठ्या मायने. हे सरांनी कधी सांगितलं नाही, मोठ्या मायनेच मला एकदा सांगितलं. त्यांच्या गावात, सोनगीरचा किल्ला जिथून दिसतो त्या गावात, तेव्हा वीज असून नसल्यासारखी. सुईण आणि मोठी माय, दोघीच. मोठी माय कंदील धरून उभी होती आणि मधेच कंदिलातलं तेल संपलं. शेजारून तेल आणेपर्यंत काय झालं ते कोणाला दिसलंच नाही. "अंधारामा गयी ती," एवढंच ती म्हणाली.

सर ही पेटी कशासाठी करत होते ते विभागात सगळ्यांना माहीत होतं. डोंगराकडच्या आरोग्य उपकेंद्रांसाठी. पावसाळ्यात तारा तुटल्या की तिथे वीज जाते ती जाते; तेव्हा बाळंतिणीच्या टेबलावर एक दिवा चालावा आणि लसींचा छोटा फ्रीज बंद पडू नये, एवढीच त्यांची मागणी. "मला गाव उजळायचं नाही," सर म्हणायचे, "मला एक दिवा हवा, पण तो मधेच जाता कामा नये." त्या दिव्याच्या मागे कोणता कंदील होता, हे मला फार उशिरा समजलं.

पेटीला एकच खोड होती. ती स्वतः पाणी तयार करायची आणि पाण्यावाचून बंदही पडायची. आतले पडदे ओलसर राहिले तरच काम करतात, आणि आमच्या धुळ्या-जळगावच्या उन्हाळ्यात ओलसर काय राहतं! एप्रिल लागला की पेटी मान टाकायची. सर तिच्याभोवती गोणपाट गुंडाळून त्यावर पाणी शिंपडत बसायचे आणि हवेच्या तोंडासमोर तो खांद्यावरचा ओला पंचा टांगायचे. "तिला तहान लागली," म्हणायचे. शिपाई शांताराम दारातून डोकावून विचारायचा, "सर, आत म्हैस बांधली का?"

"हो ना."

"दूध किती देते?"

"दूध नाही देत, पाणी देते. थांब, पिऊन जा."

हे मात्र खरोखर व्हायचं. पेटीच्या मागच्या नळीखाली एक स्टीलची वाटी ठेवलेली असायची. तीत ठिबकलेलं पाणी सर आल्यागेल्याला चमच्याने द्यायचे. कोमट, बेचव पाणी. पाहुणा तोंड वाकडं करायचा आणि सर अभिमानाने बघत राहायचे, जणू घरच्या विहिरीचं पाजलं.

खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, आणि हे मी गुण म्हणून सांगत नाही, नुसती अडचण होती ती. एकदा पेटी घेऊन आम्ही एसटीने गावाकडे निघालो. नळकांडी रिकामी केली होती. कंडक्टरने पेटीवर टिचकी मारून विचारलं, "यात काय, मास्तर?"

कोणीही 'कपडे' म्हटलं असतं. सर म्हणाले, "यात हायड्रोजन असतो."

"म्हणजे गॅस?"

"गॅसच. पण आता नाही, रिकामी आहे." इथे थांबायचं की नाही! पण सरांनी थोडा विचार केला आणि जोडलं, "किंचित उरला असेल."

मागच्या बाकावर वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक आबा होते. ते काठी टेकत उठले. "मी उभी हयात दारूगोळ्यात काढली. त्यो किंचितच माणूस उडवतो. उतरवा याला, नाहीतर मला उतरवा."

आम्ही उतरलो. फाट्यावर पेटीवर बसून दुसऱ्या गाडीची वाट बघताना मी म्हटलं, "सर, कपडे म्हणायचं होतं."

"पेटीत कपडे नव्हते," सर म्हणाले.

त्या वर्षी श्रावणात मुंबईहून एक समिती पेटी बघायला येणार असं ठरलं. पेटी पसंत पडली असती तर डोंगराकडच्या काही उपकेंद्रांवर तशा पेट्या बसवून बघणार होते. सर महिनाभर धड झोपले नाहीत. आणि नेमकी समिती येण्याच्या आदल्या रविवारी कानबाई आली.

कानबाई ही आमच्या खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे आणि नथ लावून तिला चौरंगावर बसवतात, भाऊबंद जमतात, नैवेद्याचे रोट होतात, बाया गाणी म्हणत रात्र जागवतात आणि सोमवारी सकाळी तिची वाजतगाजत बोळवण होते. सरांच्या भाऊबंदांची कानबाई मोठ्या मायच्या घरी बसायची. तिने निरोप धाडला : पहिला उजेड कानबाईले, मंग तुना साहेबस्ले.

वाणी सर म्हणाले, "भिकनराव, आधी समिती होऊ द्या. देवी काय, दर वर्षी येते."

"रात्रभर चालवून बघायचीच आहे. ट्रायल होईल," सर म्हणाले. खरं कारण ते नव्हतं, पण हेही कारण होतंच, त्यामुळे ते खोटं बोलले असं म्हणता येत नाही.

त्या रात्री मी तिथे नव्हते. मी आणि माझी आई सोमवारी सकाळच्या गाडीने बोळवण बघायला गेलो. रोट भाऊबंदांशिवाय कोणाला देत नाहीत, म्हणून आम्हाला चहा मिळाला, आणि चहाबरोबर रात्रीची हकिगत.

सरांनी पेटी ओट्यावर, खिडकीच्या बाहेर ठेवली होती आणि वायर आत नेली होती. आगीची धास्ती त्यांनाच सगळ्यात जास्त. त्यांनी पेटीभोवती चुन्याची मोठी गोल रेघ काढली आणि सगळ्या बायांना बजावलं की या रेघेच्या आत दिवा नाही, उदबत्ती नाही, काही नाही. शिवाय बिडी ओढणारा कोणी जवळ येऊ नये म्हणून अंगणात खाट टाकून पहारा करत बसले. वीज संध्याकाळीच गेली होती. शेजारच्या गल्ल्या अंधारात आणि कानबाईच्या मुखड्यावर लख्ख उजेड. सगळं गाव बघायला आलं. ते बघून सरांचा जीव निवला असावा, कारण बसल्या जागीच त्यांचा डोळा लागला. "पोऱ्या झोपेल व्हता," मोठी माय मला म्हणाली, "मी कोनले उठाडू दिधं नही." तिनेच त्यांच्या अंगावर गोधडी घातली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा दिवे चालू होते, फक्त थोडे पिवळट. सर नुकतेच उठले होते. ते रेघेच्या आत गेले, पेटीशी उकिडवे बसले आणि सवयीप्रमाणे त्यांनी हवेच्या तोंडाला नाक लावलं. मग तसेच राहिले. मला वाटलं काही सांडलं असेल. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी पुढे जायची थांबले.

तेवढ्यात मोठी माय आली. हातात नळीखालची वाटी. डोळ्यांना तिच्यातलं पाणी लावत होती. "कोमट शे," ती म्हणाली, "जित्तं पानी शे." आणि मग सरांचा खांदा धरून, सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात :

"तुले सांगू का, बापू? तुनी पेटीनी धूप लिधा!"

"काय?"

"जी उजेड दे तिले धूप नको का? मी धुपाटनं ठेवेल व्हतं. रेघना बाहेरच ठेवेल व्हतं, इचार यास्ले. तर धूर आपोआप वळना नि सरळ पेटीमा गया! बठ्ठास्नी दखं. कानबाईनी तुनी पेटी मानी लिधी. मंग काय, रातभर धूप कमी पडू दिधा नही."

आम्हीही पाहिलं, असं म्हणत बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. एकीने हात जोडले. गोवरीची धग, तिच्यावर गुग्गुळ, आणि समोर हवा ओढणारा पंखा; धूर वळणार नाही तर काय! शेणाच्या धुरात जे गंधकाचं असतं ते प्लॅटिनमला धरून बसतं आणि सोडत नाही. रात्रभर पेटीने तो धूर श्वासासारखा घेतला होता. सर आगीवर नजर ठेवून होते. धुराला रेघ नसते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मोठ्या मायने तर त्यांचा शब्द तंतोतंत पाळला होता.

सर उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील. सांगणं हाच त्यांचा स्वभाव होता. कंडक्टरला सांगितलं, वाणी सरांना सांगितलं. ते मोठ्या मायकडे बघत राहिले. तिच्या पापण्यांवर पेटीचं पाणी होतं.

"भरपूर घेतला ना?" त्यांनी विचारलं.

"पोटभर," मोठी माय म्हणाली.

सर वाकून तिच्या पाया पडले. मग आम्ही सगळे बोळवणीला गेलो. सर मिरवणुकीत शेवटपर्यंत चालले.

त्या आठवड्यात त्यांनी पेटी धुतली म्हणावं तर धुतली, पडद्यांना शुद्ध हवा दिली, चालू-बंद करून बघितलं, पुण्याला मित्राला फोन केले. थोडी सुधारली. समिती आली त्या दिवशी सकाळी दिवा लागला. फ्रीज जोडला तसा दिवा मावळत गेला आणि फ्रीज नुसता घरघरून थांबला.

समितीचे लोक चहा घेत होते तेवढ्यात वाणी सरांनी आम्हाला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, मनापासून सांगत होता. "शांतारामला सांगून मागून इन्व्हर्टरची वायर घेतो. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. एकदा मंजुरी येऊ द्या, मग नवीन संच मागवा, पेटी तुमची खरीच आहे ना? मग फक्त आजच्यापुरतं."

सरांनी पंच्याने तोंड पुसलं आणि ते समितीसमोर जाऊन उभे राहिले.

"आलं नाही," ते म्हणाले.

समितीतल्या एका बाईंनी कारण विचारलं. "हवेच्या तोंडाला गाळणं बसवायला हवं होतं. मी बसवलं नाही. हवा खराब झाली," सर म्हणाले. कुठली हवा, कशाने खराब, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या बाईंनी लिहून घेतलं, पुढच्या वेळी जरूर कळवा म्हणाल्या, आणि गाडी निघून गेली. पुढची वेळ आली नाही. सरांनी दुसरा संच मागितला तेव्हा मित्राच्या जागी आलेल्या माणसाने एकदा उत्तर पाठवलं, नंतर तेही नाही. उपकेंद्रांवर पुढे सौर पॅनेल लागली. चांगलं झालं, सरही चांगलं झालं म्हणाले. फक्त सलग पावसाचे दिवस आले की ते खिडकीतून डोंगराच्या दिशेने बघत बसायचे.

वाणी सरांना शेवटपर्यंत कळलं नाही की पेटी कशाने गेली. मी एकदा स्टाफरूममध्ये तो विषय काढू पाहिला तर सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी डबा उघडून बसले. नंतर व्हरांड्यात म्हणाले, "गावात बोलणं जातं, वैशाली. तिच्या कानावर गेलं तर ती काय करेल? एकदा तिच्या हातातला कंदील विझला आहे. आता हेही तिच्याच हातून झालं असं तिने ऐकायचं का?"

त्यानंतर मी पुण्याला नोकरीला लागले. त्याच विषयातली नोकरी. सरांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की मलाच कसंतरी झालं. फोनवर हटकून विचारायचे, "गाळणं बसवता ना?"

गेल्या वर्षी श्रावणात मी सुटी काढून त्यांच्या गावी गेले. सर निवृत्त होऊन तिथेच राहत होते. हडकले होते, जिना चढताना थांबायचे. मोठी माय अजून होती, पण तिची नजर गेली होती. उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. "ती तुनी विद्यार्थीन उनी का?" असं विचारत तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

संध्याकाळी कानबाई बसली. वीज नेहमीप्रमाणे गेली. ओट्यावर, त्याच खिडकीबाहेर, कमळाची पेटी ठेवलेली होती आणि भोवती चुन्याची रेघ होती. मी चकित झाले. इतक्या वर्षांनी सरांनी ती जिवंत केली, असं वाटून मी रेघ ओलांडून गेले आणि झाकण उचललं.

आत मोटारसायकलची बॅटरी होती. फ्युएल सेलचा संच तसाच एका कोपऱ्यात बांधून ठेवलेला, कशालाही न जोडलेला. बॅटरीवरून दोन वायरी खिडकीतून दिव्याला गेल्या होत्या आणि दोन पंख्याला. दिव्याचं मला समजलं. पंखा कशाला जोडला ते समजेना. आत हवा घ्यायला काही उरलंच नव्हतं.

सर मागे उभे होते. खूप दिवसांत मी त्यांना असं अवघडलेलं पाहिलं नव्हतं.

"दर वर्षी?" मी विचारलं.

"दर वर्षी." मग थोडं हसून म्हणाले, "हे जर्नलमध्ये लिहू नको."

त्यांनी कळ दाबली. खिडकीत उजेड पडला, आत बायांनी गाणं उचललं, आणि मोठी माय एका सुनेचा हात धरून बाहेर आली. दुसऱ्या हातात धुपाटणं. पायाने चाचपडत तिने चुन्याची रेघ शोधली, रेघेच्या बाहेर धुपाटणं ठेवलं आणि गुग्गुळ टाकला. धूर सरळ वर निघाला, जरा घुटमळला, आणि वळून पेटीत गेला. तेव्हा मला पंखा समजला.

"बापू, लिधा का रे धूप?"

सरांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. एसटीच्या कंडक्टरला त्यांनी इतका वेळ लावला नव्हता.

"लिधा, मोठी माय."

"आन मंग तीर्थ."

सरांनी नळीखालची वाटी उचलून तिच्या पुढे धरली. नळी कोरडी होती, ते मी आधीच पाहिलं होतं. वाटी त्यांनी घरातल्या माठातून भरून ठेवली असणार. मोठ्या मायने तिच्यात दोन बोटं बुडवली आणि ती थांबली. बोटं पाण्यातच ठेवून तिने चेहरा सरांच्या दिशेने वळवला.

"पानी गार शे रे, बापू."

आत गाणं चालू होतं. मोठ्या मायने ती बोटं आपल्या डोळ्यांना लावली, एका डोळ्याला, मग दुसऱ्याला. मग सरांच्या दंडावर हलकेच थोपटलं, "उजेड चांगला शे," म्हणाली आणि सुनेचा हात धरून आत गेली.

मला शेवटची गाडी गाठायची होती. फाटकाशी जाऊन मी निरोप घ्यायला वळले. सर ओट्याच्या पायरीवर बसले होते. खिडकीतला उजेड त्यांच्या पाठीवर पडला होता. त्यांनी ती वाटी दोन्ही तळव्यांत घट्ट धरली होती, आणि पाणी कोमट होण्याची वाट बघत बसल्यासारखे ते बसले होते.